इंजिन बांधायचं की बदलायचं?

प्रश्न : काका, नमस्कार. आमची 2012 ची वॅगन आर आहे, पेट्रोल, एक लाख 38 हजार किलोमीटर चाललेली. मी आणि मिस्टर शाळेचे युनिफॉर्म शिवून देतो. एप्रिल ते जून मोहोळ, बार्शी, अक्कलकोट भागातल्या शाळांत मापं घ्यायला हीच गाडी लागते. गेल्या महिन्यात तुळजापूरहून येताना तामलवाडीच्या पुढे बॉनेटमधून वाफ यायला लागली. धाब्यावरून पाणी घेऊन लगेच ओतलं आणि तशीच घरापर्यंत आणली. तेव्हापासून रेडिएटरचं पाणी कमी होतं, सकाळी गाडी मिसिंग मारते, स्टार्ट केल्यावर निळसर धूर येतो आणि थोड्या वेळाने जातो. एका गॅरेजमध्ये म्हणाले, "फुल इंजिन करा, 48 हजार." दुसरे म्हणतात, पुण्याहून जुनं इंजिन आणून 40 हजारांत बसवून देतो, महिन्याची गॅरंटी. दीर म्हणतात, 55 हजारांना गिऱ्हाईक आहे, देऊन टाका आणि कर्ज काढून दुसरी घ्या. हातात 30 हजार आहेत, बचत गटातून आणखी 15 मिळतील. काय करावं?
(एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, तिघांपैकी कुणालाच अजून हो म्हणू नका. आणि गाडी चालवणं आजपासून बंद करा. बाजारापर्यंतसुद्धा नको. पाणी कमी होत असलेलं इंजिन चालवत राहिलात, तर 15 हजारांचं काम खरोखरच 48 हजारांचं होऊन बसेल.

तुमच्या पत्रात मला खटकली ती एक गोष्ट. इंजिन कुणी तपासलेलंच नाही. 48 हजारांचा आकडा धूर बघून आणि आवाज ऐकून काढलेला दिसतो. माझं आयुष्य सिलिंडर कोरायच्या बोअरिंग मशीनवर गेलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्याकडे सगळ्या जिल्ह्यातून ब्लॉक (सिलिंडर असतात तो इंजिनाचा मुख्य भाग) आणि हेड (त्यावर बसणारा वरचा भाग) येतात. त्यातले कितीतरी ब्लॉक मी मोजून, पुसून, 'याला काही झालेलं नाही' म्हणून परत पाठवतो. तोवर मालकाने फुल इंजिनचा ॲडव्हान्स देऊन ठेवलेला असतो. याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून तुम्हाला सविस्तर लिहितो.

आधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते त्याची तपासणी, करून घ्या. काही शे रुपयांचं काम आहे. तिन्ही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरला गेज लावतात. समोर उभ्या राहा आणि तीन आकडे कागदावर लिहून घ्या. तिन्ही एकमेकांच्या जवळ असावेत, 14-15 पीएसआयपेक्षा जास्त फरक नको. समजा 165, 160 आणि 105 आले. मग 105 वाल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वर चढला तर रिंगा (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट बंद ठेवणाऱ्या कड्या) गेल्या. तिथेच राहिला तर दोष वर आहे, व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधल्या पत्र्यात. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकदम पडलेलं असेल, तर त्या दोघांच्या मधलं गॅस्केट फुटलंय असं बहुतेक वेळा निघतं.

दुसरी तपासणी थंड इंजिनावर करायची. रेडिएटरचं झाकण काढून गाडी स्टार्ट करायची आणि पाण्याकडे बघत राहायचं. थांबून थांबून एखादा बुडबुडा चालतो. सलग बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. ऑइलची डिपस्टिकही काढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर पाणी ऑइलमध्ये गेलंय, आणि मग बेअरिंगही बघावी लागतील.

आता धूर. सकाळी स्टार्ट करताना निळा धूर येऊन नंतर जातो, हे लक्षण बऱ्याचदा व्हॉल्व्ह सीलचं असतं. रात्रभर ऑइल सीलमधून खाली झिरपतं आणि पहिल्या मिनिटाला जळतं. रिंगा गेलेली गाडी चढावर, ॲक्सिलरेटर दाबलेला असताना धूर सोडत राहते. शिवाय चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढलं की फसफस बाहेर येते, त्याला आपल्याकडे बॅक कॉम्प्रेशन मारणं म्हणतात. तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही. त्यामुळे माझा कल हेडकडे आहे. पण कल म्हणजे निदान नव्हे, टेस्ट कराच.

हेड उघडल्यावर ते मशीन शॉपमध्ये जाऊ द्या. सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेजची पात घालून बघतात. 0.05 मिमीची पात आत शिरत असेल तर हेड वाकलंय, फेसिंग करावं, म्हणजे घासून सपाट करावं लागेल. तापलेल्या इंजिनावर गार पाणी पडलं की अल्युमिनियमचं हेड बऱ्याचदा वाकतं, क्वचित तडकतंही, म्हणून प्रेशर टेस्टही करून घ्या. तुमच्या गाडीच्या के-टेन इंजिनाचा ब्लॉकही अल्युमिनियमचा आहे, आत लोखंडी लायनर असतात. तेव्हा तीच पट्टी ब्लॉकच्या तोंडावरही ठेवायला लावा, बरेच जण ते विसरतात. मग बोअर गेजने सिलिंडर वर, मध्ये, खाली असा मोजायचा. वरखाली 0.10 मिमीपेक्षा जास्त फरक असेल तरच बोअर मारायचा, म्हणजे सिलिंडर कोरून मोठा करायचा, विषय निघतो. भिंतीवर होनिंगच्या तिरक्या रेघा अजून दिसत असतील तर ब्लॉकला हात लावू नका.

आता पैसे. आकडे गॅरेजप्रमाणे कमीजास्त होतील, पण अंदाज असा धरा. नुसतं हेडचं काम, म्हणजे फेसिंग, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, सील, गॅस्केट, हेड बोल्ट, ऑइल आणि मजुरी, 15 हजारांच्या आसपास. हाफ इंजिन, म्हणजे त्यात रिंगा आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंग, पण क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) खाली न उतरवता, 28 ते 30. फुल इंजिन म्हणजे बोअर, पिस्टन, क्रँक, टायमिंग चेन, ऑइल पंप सगळं. त्याचे 48 सांगितलेत ते जास्त नाहीत, फक्त ते तुम्हाला लागतायत का हा प्रश्न आहे.

यात सहा-सात हजार आणखी धरा, आणि हे पैसे सगळ्यात आधी बाजूला काढा. गाडी कशामुळे तापली, हे शोधायचे हे पैसे आहेत. रेडिएटर, फॅन, फॅनचा स्विच, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, रेडिएटरचं झाकण. आपल्याकडे लोक कूलंटऐवजी बोअरवेलचं पाणी घालतात. सोलापूरच्या बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, आणि मे महिन्यात 42-43 अंशाला नळ्या अर्ध्या बंद असल्या की कुठलंही इंजिन तापणार. बांधलेलं असो, पुण्याहून आणलेलं असो. रेडिएटर साफ होत नसेल तर बदला. आत कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. हे न करता इंजिनावर एक रुपयाही घालू नका.

जुन्या इंजिनाला माझा सरसकट विरोध नाही. ब्लॉक तडकला असेल, क्रँक खाऊन गेली असेल, तर तोच मार्ग स्वस्त पडतो. तुमचं इंजिन ऑल्टो के-टेन, ए-स्टार, एस्टिलो अशा बऱ्याच गाड्यांत होतं, त्यामुळे मिळतंही सहज. पण ते 40 हजार 40 राहत नाहीत. बसवण्याआधी सील, वॉटर पंप बदलायला हवेत, इंजिन खाली आहे तर क्लच प्लेट बघायला हवी, आणि वर तेच सहा-सात हजार कूलिंगचे. बेरीज 50 च्या पुढे जाते आणि आत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. पुरात बुडालेल्या गाड्यांची इंजिनंसुद्धा बाजारात येतात. घ्यायची वेळ आलीच तर कॉम्प्रेशनचे तीन आकडे त्याचेही मागा, ऑइलचं झाकण काढून आत काळा गाळ आहे का बघा, पाण्याच्या वाटांत गंज किंवा माती आहे का बघा. गॅरंटी लेखी घ्या. त्यात काढण्या-बसवण्याची मजुरी धरली आहे का, ते आधी वाचा. नुसतं 'इंजिन बदलून देऊ' लिहिलं असेल तर दुसऱ्या वेळची मजुरी तुमच्या माथी.

शिवाय कागद. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. तुमचंच इंजिन बांधलं तर नंबर तोच राहतो. दुसरं बसवलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओला कळवून आरसीवर नोंद बदलून घ्यावी लागते, विमा कंपनीलाही कळवावं लागतं. त्यासाठी विकणाऱ्याचं पक्कं बिल आणि ते इंजिन ज्या गाडीतून निघालं तिची कागदपत्रं हवीत. "कोण बघतंय नंबर?" असं म्हणणाऱ्याकडून इंजिन घेऊ नका. अपघात झाला की विमावाले पहिल्यांदा तोच नंबर बघतात.

दिरांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, ते झटकू नका. 2027 मध्ये गाडीला 15 वर्षं होतील. फेरनोंदणी करावी लागेल, तिची फी एप्रिल 2022 पासून 5,000 रुपये झाली आहे, वर हरित कर आणि आरटीओची तपासणी. म्हणून खर्चाआधी गाडी लिफ्टवर चढवून खालचा पत्रा बघा. फ्लोअर आणि दारांखालची पट्टी कुजलेली असेल तर फुल इंजिनाचा खर्च करू नका. पत्रा धड असेल तर चालू स्थितीत गाडीला किती येतील हे दोन-तीन ठिकाणी विचारा. 55 हा बंद गाडीचा भाव आहे.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. हेडचं काम आणि कूलिंग मिळून 22 हजार, हे हातातल्या 30 मध्ये बसतं, बचत गटाला हात लावायची गरज नाही. ब्लॉक मोजल्यावर रिंगा निघाल्याच तर 37 पर्यंत, गटाचे थोडे घ्या. ब्लॉक किंवा क्रँक गेलेली निघाली तर तिथेच थांबा. 45 हजारांत ते काम नीट होत नाही. अर्धवट बांधून मापं घ्यायला बार्शीला निघण्यापेक्षा त्या वेळी गाडी विकलेली बरी, आणि हा हंगाम भाड्याच्या गाडीवर काढा.

बोअर मारायची वेळ आलीच तर एक लक्षात ठेवा. पिस्टन आधी हातात येऊ द्या, मग बोअर. पिस्टन मोजून त्या मापाला सिलिंडर करतात. 'बोअर मारून ठेवतो, पिस्टन मागवू' म्हणणाऱ्याकडे ब्लॉक देऊ नका. काढलेले जुने पार्ट परत मागा आणि बिलावर प्रत्येक पार्ट वेगळा लिहून घ्या. रिंगा नव्या घातल्या तर पहिले हजार किलोमीटर 60-70 च्या वर नेऊ नका, हजारला ऑइल आणि फिल्टर बदला. काम मार्चमध्येच द्या. एप्रिलपासून उन्हाने तापलेल्या गाड्यांची रांग लागते आणि मशीन शॉपमध्ये नंबर मिळत नाही.

प्रश्न : माझी बोलेरो ऑइल पिते. जाड ऑइल आणि धूर बंद करणारं औषध टाकलं तर इंजिन काम टळेल का?
(एक शेतकरी, मंगळवेढा)

उत्तर : टळणार नाही, थोडं पुढे जाईल इतकंच. जाड ऑइलने धूर काही दिवस कमी दिसतो. पण थंड इंजिनात ते बेअरिंगपर्यंत आणि टर्बोपर्यंत उशिरा पोचतं, म्हणजे रिंगांसोबत बेअरिंगही झिजवून घ्याल. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल ठेवा, दर आठवड्याला डिपस्टिक बघा आणि हजार किलोमीटरला किती घालावं लागतं ते वहीत लिहा. आकडा महिन्यामहिन्याला वाढत असेल तर ऊस गेल्यावर पैसे हातात आले की काम काढा. गाडी विकायची असेल आणि त्यासाठी औषध टाकणार असाल तर टाकू नका, घेणाऱ्याला धूर दाखवून भाव करा.