खाऱ्या पाण्याचा टँक लावून तीन दिवस झाले, पाणी काचेसारखं आहे. मासे सोडू का?

नको भाऊ, एवढ्यात सोडू नका. तुम्ही लिहिलंय की रावेरला घरी २०० लिटरचा टँक लावलाय, मीठ कालवून तीन दिवस झालेत, पाणी नितळ आहे आणि दुकानदार म्हणतो रविवारी क्लाउनफिश घेऊन जा. मी भुसावळचा. माझ्या पहिल्या टँकच्या वेळी मलाही एका दुकानात असंच सांगितलं होतं, आणि मी ऐकलं. चौथ्या दिवशी सकाळी दोन्ही मासे पाण्याच्या वरच्या कडेला तोंड लावून धापा टाकत होते, कल्ले लालभडक झालेले. दुपारपर्यंत दोन्ही गेले. पाणी तेव्हाही नितळच होतं. त्यांना मारलं ते अमोनियाने, आणि हे विष डोळ्यांना दिसत नाही.

तुमची केळीची बाग आहे म्हणता, मग हे तुम्हाला लगेच कळेल. शेतात युरिया टाकला की जमिनीत त्याचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. टँकमध्ये माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया सुटतो, उरलेल्या खाद्यातून सुटतो, आणि पुढचा प्रवास तोच. फक्त तुमच्या जमिनीत हे जिवाणू पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तुमच्या कोरड्या दगडांवर आणि वाळूवर अजून वस्तीच नाही. त्यात समुद्री टँकचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली याचं माप, ८.१ ते ८.४, आणि पीएच जितका जास्त तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. म्हणून गोड्या पाण्यात एखादा मासा जे निभावून नेतो, ते इथे होत नाही.

दह्याला विरजण लागतं तसं बाटलीतले जिवाणू मिळतात, ते जरूर टाका. पण विरजणाला दूध हवं, तसा या जिवाणूंना अमोनिया हवा. बरेच जण त्यासाठी कापडात बांधून झिंगा सोडतात. मला ते पटत नाही. घरभर वास सुटतो आणि अमोनिया किती झाला याचा हिशोब राहत नाही. नवसागर वापरा, म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाल्याकडचा खडा मात्र नको, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही, आणि तांब्याचा अंश आला तर पुढे कोळंबी-गोगलगायी जगणार नाहीत. कॉलेजच्या प्रयोगशाळांना माल देणाऱ्या दुकानातून शुद्ध नवसागर आणा. दगड-वाळू वजा जाता तुमच्याकडे १७० लिटरच्या आसपास पाणी असेल. २ पीपीएम (म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनियासाठी त्याला साधारण एक ग्रॅम नवसागर पुरतो. मी ओळखीच्या सराफाच्या काट्यावर एकेक ग्रॅमच्या पुड्या बांधून आणल्या होत्या. युरिया घरात आहे म्हणून तो टाकू नका. त्याचा आधी अमोनिया व्हावा लागतो आणि तोवर किटमध्ये काहीच दिसत नाही.

टेस्ट किट घ्या, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट तिन्हींचं. नळी खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर धरून रंग बघा. ट्यूबलाइटखाली हिरवा आणि पिवळा यांत फसायला होतं. पहिले काही दिवस काहीच हलणार नाही. मग अमोनिया उतरू लागेल, नायट्राइटची नळी गडद जांभळी होईल आणि तशीच अडून बसेल. माझ्याकडे दोन आठवडे अडली होती. इथेच माणूस कंटाळतो. या काळात पुडी टाकणं थांबवा, पाणी बदलू नका, लाइट बंद ठेवा नाहीतर शेवाळ माजेल. दगडांवर तपकिरी थर आला तर घाबरू नका, तो आपोआप ओसरतो.

दिवस मोजू नका. कुणाचं चार आठवड्यांत होतं, कुणाचं सहा. टँक तयार झाल्याची खूण एकच: आज पुन्हा एक पुडी टाकली आणि २४ तासांनी अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य.

आता आपल्याकडच्या दोन गोष्टी, ज्या मुंबईचा माणूस सांगणार नाही. पहिली, बोअरचं पाणी अजिबात नको. मत्स्यालयाचं समुद्री मीठ आरओच्या पाण्यातच कालवा, लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास, घनता १.०२५. घरातल्या आरओला टीडीएस, म्हणजे पाण्यातले विरघळलेले क्षार, वाढवणारा स्क्रू असतो, तो बंद करून घ्या. सुरतेहून कॅन भरून समुद्राचं पाणी आणायचा विचारही करू नका. तिथे आपलीच तापी समुद्राला मिळते, पाणी गढूळ आणि मिसळलेलं असतं. दुसरी, ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की टँकचं पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, तो जिवाणूंनाही लागतो आणि माशांनाही. पाण्यावर छोटा पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. पाणी उडतं, मीठ तसंच राहतं, म्हणून रोज भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याची, खाऱ्या नाही. लाइट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवा.

दोन्ही शून्य आले की अर्धं पाणी बदला, कारण नायट्रेट साचलेलं असेल. लगेच मासे मिळाले नाहीत तर दोन-तीन दिवसांनी थोडा नवसागर टाकत राहा, नाहीतर जिवाणू उपाशी राहतील. मग दोन लहान क्लाउनफिश, तेही पैदास केलेले मागा, समुद्रातून पकडलेले नकोत. दुकानदार प्रवाळ किंवा समुद्रघोडा देऊ लागला तर घेऊ नका, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे ते संरक्षित आहेत. पुढचा मासा तीन आठवड्यांनी, पुन्हा नळीत रंग बघूनच.