आधी क्लिनिकची खिडकी उघडा

प्रश्न : मी सांगलीत पंचवीस वर्षं दातांचा दवाखाना चालवतो. मुलगी बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला, वर्गात पहिल्या पाचात. क्लिनिक तिच्यासाठीच वाढवलं, कर्ज अजून फिटायचंय. सुट्टीत ती कार्बन डायऑक्साइडचा मीटर घेऊन आली आणि संध्याकाळी आकडा १८०० च्या वर जातो म्हणाली. आता तिला पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री, म्हणजे समाजाच्या दंतआरोग्याची शाखा, करून दवाखान्यांमधल्या हवेवर काम करायचंय. आमच्याकडे एसी आहे, दर रविवारी फॉगिंग, म्हणजे जंतुनाशकाची धुरासारखी फवारणी, करतो. हवा हा इंजिनिअरचा विषय. तिच्या आईने जेवण टाकलंय. मुलीला समजावाल का?

उत्तर : डॉक्टरसाहेब, तिला नाही समजावणार. मला काळजी तुमची वाटते.

‘तिच्यासाठीच वाढवलं’ या वाक्यापाशी मी अडखळले. वाढवताना तिला विचारलं होतंत का? कर्ज काढायचा निर्णय तुमचा होता. ते फेडण्यासाठी तिचं अख्खं करिअर तारण ठेवणं हा अन्याय आहे. आणि आईचं न जेवणं तुम्ही मला पत्रातून कळवता, म्हणजे घरात ते तिला रोज ऐकवलं जात असणार. असं कोंडीत धरलेलं मूल कदाचित तुमच्या खुर्चीवर येऊन बसेलही, पण तुमच्याशी मोकळं बोलणं बंद करेल. हे आजच थांबवा. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेच्या तोंडावर तर नक्कीच.

आता एसीचं. एसी असला की हवा ताजी राहते, हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो. बाहेर कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असतो. खोलीत १८०० म्हणजे घेतलेल्या प्रत्येक श्वासातला साडेतीन टक्क्यांहून अधिक भाग आधीच कुणाच्या तरी फुफ्फुसांतून जाऊन आलेला. त्यात तुमचा एअरोटर (दात कोरायचं वेगवान यंत्र) आणि अल्ट्रासॉनिक स्केलर (दात साफ करायचं यंत्र) लाळ-रक्ताचे बारीक कण उडवतात. रुग्ण उठून गेला तरी ते तरंगत राहतात, आणि पुढच्या रुग्णाला मास्क काढूनच आ वासावा लागतो. रविवारच्या फॉगिंगचा सोमवारच्या पहिल्या खोकल्यापुढे काहीच उपयोग नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या तक्त्यानुसार तासाला ६ वेळा हवा बदलली, तर हवेतले ९९ टक्के कण जायला ४६ मिनिटं लागतात. १२ वेळा बदलली तर २३. दहा बाय बारा फुटांच्या, नऊ फूट उंच खोलीत १२ वेळा म्हणजे मिनिटाला सुमारे २१६ घनफूट हवा. ताजी हवा आत यायला वाट ठेवलीत, तर एखाद्या चांगल्या एक्झॉस्ट फॅनचं हे काम आहे. हेपा फिल्टरचा (अतिसूक्ष्म कण गाळणारा) प्युरिफायरही कण पकडतो. फक्त तो कार्बन डायऑक्साइड काढत नाही, म्हणून मीटरवरचा आकडा त्याने उतरत नाही.

फॅन इंजिनिअर बसवेल, हे खरं. पण कोणत्या कामात तुषार जास्त उडतात, मोठ्या क्षमतेच्या सक्शनची नळी तोंडाजवळ कुणी आणि कशी धरायची, रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा) कुठे लावता येतो, हे खुर्चीशेजारी उभं राहिलेल्या माणसालाच कळतं. म्हणून तुमच्या मुलीची निवड मला विचारपूर्वक केलेली वाटते.

तिला माझा निरोप : इंटर्नशिप पूर्ण कर, ‘नीट-एमडीएस’ ही प्रवेशपरीक्षा दे, एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) हाही रस्ता आहे. पण पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्रीत खासगी प्रॅक्टिसइतका पैसा सहसा नाही. बरंचसं काम कॉलेजात शिकवण्याचं आणि सरकारी किंवा संस्थांच्या प्रकल्पांवरचं असतं. हे पक्कं माहीत असू दे, आणि तरी जायचं असेल तर जा.

आणि डॉक्टरसाहेब, हप्त्यांसाठी एखादा तरुण असोसिएट डेंटिस्ट ठेवा. नव्याने पास झालेल्या कितीतरी मुलामुलींना स्वतःचं क्लिनिक टाकणं परवडत नाही. त्यांना तयार खुर्ची हवीच आहे. मात्र त्यांना कामावर बोलावण्याआधी फॅन बसवून घ्या. तो कुठे बसवायचा, हे मुलीला विचारा.