कंपनीच्या डेमोमध्ये लाकूडकामाची पॉवर टूल्स चालवून बघण्यात अर्थ आहे का? तिथे नेमकं काय तपासावं?

जरूर जा. तुम्ही विचारलंय की जवळच्या डीलरकडे एका कंपनीचा डेमो आहे, हौशी माणसाने तिथे जावं का आणि दहा-पंधरा मिनिटांत यंत्राबद्दल खरं काय कळू शकतं. माझं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. प्लाय आणि सागवान, दोन्हीचं काम चालतं. महाग यंत्र हातात धरून चालवल्याशिवाय मी घेत नाही. पुण्याचं टिंबर मार्केट असो की मुंबईची नागदेवी स्ट्रीट, दुकानात यंत्र बहुतेक वेळा खोक्यातच बघायला मिळतं. डेमोला ते पातं चढवून, प्लग लावून समोर ठेवलेलं असतं. ही सोय सोडू नका.

फक्त एक करा, स्वतःचं लाकूड घेऊन जा.

डेमोच्या टेबलावर पातं नवं असतं, लाकूड मऊ आणि सरळ रेषांचं असतं, तुकडा घट्ट आवळलेला असतो आणि चालवणारा रोज तोच काप घेत असतो. अशा वेळी स्वस्त आणि महाग यंत्रातला फरक दिसतच नाही. आपल्या घरचं काम वेगळं असतं: सनमाईका लावलेला १९ मिमी प्लाय किंवा कडक सागवान. सागवानात सिलिका असते, ती पात्याची धार लवकर बोथट करते. म्हणून फूट-दीड फुटाचा लॅमिनेट लावलेला प्लाय, सागवानाची एक पट्टी आणि आपला गुण्या (काटकोन तपासायचं साधन) पिशवीत टाका. जुन्या दाराचं लाकूड मात्र नेऊ नका. आत खिळा निघाला तर त्यांचं पातं जाईल आणि तुम्हाला कोणी पुन्हा हात लावू देणार नाही. आधी विचारा, 'माझ्या तुकड्यावर चालवू का?' चांगला डेमो देणारा आनंदाने हो म्हणतो, कारण त्यालाही खरं काम करणारं गिऱ्हाईक हवं असतं.

सगळ्यात जास्त वेळ प्लंज सॉ, म्हणजे वरून दाबून चालवायची गोल पात्याची करवत, आणि ती जिच्यावरून सरळ सरकते त्या गाइड रेलला द्या. आपल्याकडे साइटवर प्लाय सर्रास मार्बल कटरला (फरशी कापायच्या यंत्राला) लाकडाचं पातं लावून कापतात. ते यंत्र फरशीसाठी बनवलेलं आहे. चार इंची चकती मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे घेते, आणि लाकूड पात्याला आवळून धरू नये म्हणून पात्यामागे जी पट्टी लागते ती त्यात नसते. पातं अडकून झटका बसला तर यंत्र सरळ माणसाच्या अंगावर येतं. अशा अपघातात बोटं गमावलेली माणसं या धंद्यात प्रत्येकाला माहीत असतात. प्लंज सॉमध्ये पातं कव्हरच्या आत राहतं, दाबल्यावरच खाली उतरतं आणि रेलवरून ढळत नाही. एकदा चालवून बघितल्यावर जास्तीचे पैसे कशाचे आहेत ते हाताला कळतं.

तिथे लॅमिनेटची बाजू वर ठेवून काप घ्या. हातात धरायच्या सर्क्युलर सॉमध्ये पात्याचे दात खालून वर येतात, त्यामुळे लॅमिनेटच्या कपच्या वरच्या बाजूला उडतात. रेलच्या कडेची रबरी पट्टी नेमकी तिथेच लॅमिनेट दाबून धरते. कापाच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवा, फक्त रेलखालच्या कडेवरून नाही. डेमो देणारा बहुधा तीच कड दाखवतो. दुसरं म्हणजे, सोबत मिळणारी रेल साधारण १४०० मिमीची असते. चार फुटांच्या कापाला ती पुरते, पण आपला शीट आठ फुटांचा. त्यासाठी दोन रेल जोडाव्या लागतात. 'जोडून दाखवा' असं सांगा, जोडावर सरळ पट्टी लावून बघा आणि जादा रेल व जोडणीच्या पट्ट्यांची किंमत लगेच विचारा. लोक यंत्राची किंमत लक्षात ठेवून येतात आणि खरा खर्च या सामानात होतो.

मायटर सॉ (पट्टी ठरावीक कोनात आडवी कापायची करवत) बघणार असाल तर गुण्यापेक्षाही सोपी परीक्षा आहे. सरळ कडांची पट्टी नव्वद अंशात कापा, एक तुकडा उलटा करा, दोन्ही तुकडे सरळ कडेला टेकवून कापलेली टोकं एकमेकांना भिडवा. फट दिसली तर काप तिरका आहे, आणि असं केल्यावर चूक दुप्पट होऊन दिसते, त्यामुळे बारीक फरकही सुटत नाही. फट दिसली म्हणजे यंत्र वाईट असं नाही. कुंपण, म्हणजे पट्टी टेकवायची मागची सरळ कड, जुळवून द्यायला सांगा. जुळवायला किती वेळ लागतो आणि पुढचे काप घेतल्यावर ते तिथेच टिकतं का, हे जास्त महत्त्वाचं. जिगसॉला (वर-खाली हलणाऱ्या बारीक पात्याच्या करवतीला) जाड तुकडा द्या, वळणदार काप घ्या आणि वरची व खालची रेषा जुळते का ते पाहा. पातं आत वाकत असेल तर तिथेच दिसतं.

डेमोत फेस्टूल कंपनीचं डोमिनो, म्हणजे लाकडाच्या सांध्यासाठी खाच पाडायचं यंत्र, असेल तर नक्की हातात घ्या, लगेच घ्यायचं नसलं तरी. त्याचं कटर गोल फिरता फिरता आडवं झुलतंही, त्यामुळे दोन्ही टोकांना गोल अशी लांबट खाच तयार होते. लहान मॉडेलमध्ये ४ ते १० मिमी जाडीच्या बीच लाकडाच्या तयार पट्ट्या बसतात, खाचेची खोली २८ मिमीपर्यंत जाते. पटाशीने खाच-कुसू करणाऱ्याला हा वेग पाहून आनंद होतो, मला तर फारच झाला. पहिली खाच घट्ट मापात आणि बाकीच्या रुंदीच्या खटक्यावर एक घर पुढे, म्हणजे जरा रुंद घेऊन दोन पट्ट्या जोडून बघा, म्हणजे थोडं सरकवायला जागा राहते. त्या तयार पट्ट्या तुमच्या गावात कायम मिळतील का, हेही विचारा.

आता धुळीबद्दल. हा भाग मी कळकळीने सांगतो, कारण सुतारकाम करणाऱ्या माणसांचा संध्याकाळचा खोकला मी जवळून ऐकलाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. एमडीएफच्या (लाकडाचा भुगा चिकटवून बनवलेल्या फळीच्या) धुळीत शिवाय चिकटद्रव्यातलं फॉर्मल्डिहाइडही असतं. म्हणून डेमोत सँडर (पॉलिश पेपरने घासायचं यंत्र) व्हॅक्युम जोडून चालवा, मग व्हॅक्युम काढून चालवा, आणि दोन्ही वेळा मोबाइलचा टॉर्च आडवा धरा. हवेत तरंगणारी बारीक धूळ त्या उजेडात दिसते. घाण करते ती भुशाची जाड धूळ, पण छातीत जाते ती ही बारीक. आपला घरचा व्हॅक्युम त्या यंत्राच्या तोंडाला बसेल का, हे विचारून घ्या. व्हॅक्युमची ओढ फार जोरात ठेवली तर सँडर लाकडाला चिकटतो आणि गोल ओरखडे पडतात, तेव्हा ओढ कमी करून पुन्हा बघा.

कानात बोळे आणि डोळ्यांवर चष्मा स्वतःचा न्या. ही यंत्रं सहज ८५ डेसिबलच्या वर जातात आणि एका छोट्या दुकानात अनेक यंत्रं एकदम चालू असतात. ओढणी, सैल बाही, अंगठी, हातमोजे यांपैकी काहीही अंगावर नको. फिरत्या कटरमध्ये हातमोजा अडकला तर हात आत ओढला जातो. पात्याच्या सरळ रेषेत उभे राहू नका.

मग यंत्र बंद करा, प्लग काढा आणि उरलेला वेळ त्यावर घालवा. पातं स्वतः बदलून बघा. काप किती खोल जावा ते ठरवणारा खटका हाताला जमतो का, वायर रेलला अडकते का, बॅटरी लावल्यावर तोल पुढे जातो की मागे? डावखुरे असाल तर हे दुप्पट नीट बघा. यंत्र लाकडात थोडं जोर देऊन ढकललं की आवाज खाली बसतो का तेही ऐका. आवाज स्थिर राहिला तर आत वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक्स आहे. आपल्याकडे लांब एक्स्टेंशनवर व्होल्टेज पडतं, तिथे याचा फरक कळतो.

बंगळुरूचं इंडियावूड किंवा गोरेगावचं मुंबईवूड ही लाकूडकामाची प्रदर्शनं एकदा जरूर पाहा, पण तिथे पॅनल सॉ आणि सीएनसी अशा कारखान्याच्या मोठ्या यंत्रांचा पसारा मोठा आणि गर्दीही तशीच. हातात धरायचं यंत्र निवांत चालवायचं असेल तर डीलरकडचा छोटा डेमो बरा. तोही सकाळी, दुकान उघडल्या उघडल्या.

आणि डेमोच्या दिवसाची सूट म्हणून तिथेच पैसे भरू नका. आधी सर्व्हिस सेंटर कुठे आहे, कार्बन ब्रश (मोटरमधला झिजणारा भाग) आणि स्विच दुकानात शिल्लक असतात का, हे विचारा. असतात म्हणाले तर काढून दाखवायला सांगा.