खेड्यात लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांच्या (पिठूळ-गोड पदार्थ कमी असलेल्या) जेवणाची आठवड्याची तयारी कशी करावी? लाइटचा भरवसा नाही.

शिजवून ठेवायच्या भानगडीत पडू नका. आमच्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि लाइट दुपारीच जाते. एकदा मी रविवारी पाच डब्बे भरून ठेवले, मंगळवारी उघडले तर पनीरला तार सुटली होती. तेव्हापासून फक्त कोरडी तयारी.

जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, थंड झाले की सुक्या मिरच्या, जिरं, मीठ घालून भरड कुटा. लसूण खायच्या वेळी ठेचून घाला, म्हणजे चटणी पंधरा दिवस बिनघोर राहते. जवसातली बहुतेक कर्बोदकं म्हणजे न पचणारे तंतूच, त्यामुळं ती चालतात. खोबरं, खसखस, धने भाजून त्याची पूड बरणीत ठेवा. संध्याकाळी वावरातून आलं की तेलात कांदा परतायचा, दोन चमचे पूड, उकडलेली अंडी सोडायची. वीस मिनिटांत रस्सा तयार. अंडी कच्चीच ठेवा, रोजची रोज उकडा. पालेभाजी निवडून, न धुता, ओलसर सुती फडक्यात माठाजवळ ठेवली की दुसऱ्या दिवशीही टवटवीत असते.

भाकरीचं मात्र खरं सांगतो. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात 70 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. झुणक्याचं बेसनही निम्म्याहून जास्त तेच. मी अर्धी भाकर ठेवली आहे, पूर्ण सोडणं जमलं नाही.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, नाहीतर शुगर एकदम खाली येऊ शकते.