ईएसलिंटचा मधला आकडा

कोडला हात न लावता कालचा हिरवा बिल्ड आज लाल झाला, तर आधी ईएसलिंटची (जावास्क्रिप्ट कोडमधल्या चुका नियमांनुसार पकडणारं साधन) आवृत्ती बघ. ९.४.० मधला पहिला आकडा जुनं मोडणाऱ्या बदलांचा, हे तुला माहीत असेलच. खरी गोम मधल्या आकड्यात आहे. एखाद्या नियमातला बग सुधारला की तो नियम आधी सोडून दिलेल्या ओळीही पकडायला लागतो. दुरुस्तीने तक्रारी कमी होणार असतील तर शेवटचा आकडा वाढतो, वाढणार असतील तर मधला. हे त्यांचं जाहीर धोरणच आहे, त्यामुळे भांडायला जागा नाही. 'रेकमेंडेड' (ईएसलिंटने शिफारस केलेल्या) संचात नव्या नियमांची भर मात्र मेजरलाच, म्हणजे पहिला आकडा वाढतो तेव्हाच, पडते.

म्हणून पॅकेज.जेसनमध्ये (प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजेसची यादी असलेली फाइल) कॅरेट (^) नको, टिल्ड (~) लाव. ~९.४.० लिहिलंस तर फक्त शेवटचा आकडा हलतो, ^९.४.० ला तिथपासून १० च्या अलीकडचं काहीही चालतं. लॉक फाइल, म्हणजे बसवलेल्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद, कमिट कर (ती गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या यादीत, टाकणारे अजून भेटतात, कमाल आहे!) आणि सीआयवर (बिल्ड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेवर) लॉक फाइलप्रमाणेच पॅकेजेस बसवणारी 'एनपीएम सीआय' ही कमांडच चालव. आठवरून नऊवर जायचं असेल तर वेगळी ब्रँच काढ, कारण तिथे कॉन्फिगची नवी पद्धतच डीफॉल्ट झाली आहे.