उन्हात उभं राहून साइट उघडा

भाऊ, तुमचा प्रश्न मला असा समजला: काकांच्या संत्रा बर्फीच्या दुकानाची साइट लॅपटॉपवर झकास दिसते, लोक येतात, बघतात, पण ऑर्डरचा फॉर्म अर्ध्यात सोडून शेवटी दुकानात फोन लावतात. मग सगळं रिअ‍ॅक्टमध्ये (साइट बांधायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत) नव्याने बांधावं का?

नका बांधू. आधी दुपारी दोनला आपल्या नागपूरच्या बर्डीवर जा आणि भर उन्हात फोनवर ती साइट उघडा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या घरात जातो, त्या उजेडात फिकं अक्षर दिसतच नाही. तुम्ही संत्र्याचा रंग म्हणून सीएसएसमधला (पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेतला) डार्कऑरेंज घेतलाय आणि त्यावर ‘ऑर्डर करा’ पांढऱ्यात. या जोडीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजेडातला फरक, जेमतेम २.३:१ भरतो. साध्या मजकुराला किमान ४.५:१ लागतो, मोठ्या अक्षराला ३:१. त्याच केशरीवर काळं अक्षर ठेवा, ९:१ मिळेल. रंग तोच राहू द्या.

पण तुमचा खरा गळका नळ फॉर्म आहे, असं मला वाटतं. इतवारीतल्या एका दुकानासाठी मी फॉर्म केला होता. एक काकू मोबाइल नंबर टाकायच्या आणि लाल ओळ यायची, ‘वैध क्रमांक टाका’. मला म्हणाल्या, “नंबर तर बरोबर आहे, मग हे काहून घेऊन नाही राहिलं?” नंबर बरोबरच होता. त्यांचा कीबोर्ड मराठी होता, अंक देवनागरी पडत होते, आणि जावास्क्रिप्टच्या रेगेक्समधला (मजकूर तपासायच्या साच्यातला) अंकाचा संकेत फक्त इंग्रजी अंक ओळखतो. मराठी दुकानाच्या मराठी साइटवर मराठी अंक चुकीचे ठरत होते! ते मला आजही खटकतं. युनिकोडमध्ये (संगणकाच्या अक्षरांच्या यादीत) देवनागरी शून्य ते नऊ ओळीने आहेत, त्यामुळे तपासणीआधी ते इंग्रजीत बदलून घ्यायला कोडची एक ओळ पुरते. तिथेच मधल्या मोकळ्या जागा आणि +९१ काढून टाका. नंबरच्या रकान्याला टाइप ‘टेल’ द्या, ‘नंबर’ नको; पिनकोडला साधा टेक्स्ट आणि इनपुटमोड न्यूमेरिक, म्हणजे अंकांचा कीबोर्ड उघडेल. ऑटोकम्प्लीट बंद केलं असेल तर चालू करा, पत्ता ब्राउझरलाच भरू दे. रकान्याचं नाव प्लेसहोल्डरमध्ये (रकान्यातल्या फिक्या सूचनेत) लपवू नका, टायपायला लागलं की ते गायब होतं. आणि रकान्यातलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असलं, तर आयफोनची सफारी पान आपोआप मोठं करते.

आता मराठी अक्षरांचं. तुमच्या मथळ्यांना लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलंय, ते ताबडतोब काढा. रोमनला शोभतं, आपली शिरोरेषा मात्र तुटते. बटणाची उंची ठरावीक ठेवून ओव्हरफ्लो (बाहेर जाणारा भाग) लपवलात तर वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. उंची मोकळी सोडा, पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्या, लाइन-हाइट (ओळीची उंची) अक्षराच्या १.६ पटीच्या आसपास ठेवा. एचटीएमएल टॅगला लँग ‘एमआर’ लावा, म्हणजे पान मराठीत आहे हे ब्राउझरला कळेल. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे, त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळण दिसतं.

बर्फीचे फोटो लोड होताना पान खाली सरकतं आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. प्रत्येक इमेज टॅगला विड्थ आणि हाइट लिहा, ब्राउझर तेवढी जागा आधीच राखून ठेवतो. वरच्या मोठ्या फोटोला लेझी लोडिंग (गरज पडेल तेव्हाच फोटो आणणं) लावू नका, खालच्यांना लावा.

एवढं झालं की दुकानातल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या हातात त्याचाच फोन ठेवा, ‘अर्धा किलो मागवा’ एवढंच सांगा आणि गप्प बसा. बोट जिथे अडेल, तो रकाना लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी तोच दुरुस्त करा.