मेथी वरच्यांची, सिंक आमचं

प्रश्न : ताई, आम्ही डोंबिवलीला तळमजल्यावर राहतो, बिल्डिंग 4 माळ्यांची आणि बरीच जुनी आहे. महिना झाला किचनचं सिंक सारखं तुंबतंय. दोनदा ती पाइप साफ करायची पावडर टाकली, एकदा खायचा सोडा आणि व्हिनेगर, एकदा तर पातेलंभर उकळतं पाणी ओतलं, दोन दिवस बरे जातात की परत तेच. परवा चतुर्थीला घरात फक्त साबुदाण्याची खिचडी होती आणि दुपारी सिंकमध्ये मेथीच्या काड्या न् शेवया तरंगत वर आल्या. सासूबाईंनी मग संध्याकाळी काही खाल्लंच नाही. सोसायटीवाले म्हणतात सिंक तुमचं, खर्च तुमचा. काय करू?

उत्तर : अहो, मेथी तुमची नाही म्हणजे तुंबलंय तेही तुमच्या घरात नाही. वरच्या सगळ्या किचनचं पाणी एकाच उभ्या पाइपातून उतरतं, खाली जमिनीजवळ वळतं आणि चेंबरकडे, म्हणजे बाहेरच्या झाकण असलेल्या गटाराच्या खड्ड्याकडे जातं. त्या वळणात तेलकट गाळ बसला की वरून आलेल्या पाण्याला सगळ्यात खालचं उघडं तोंड लागतं, आणि ते तोंड म्हणजे तुमचं सिंक. खात्री करायची तर दुपारी वरच्यांची भांडी घासायची वेळ होते तेव्हा तुमचा नळ घट्ट बंद करा आणि पंधरा मिनिटं सिंकपाशी थांबा. नळ बंद असूनही पाणी चढलं तर लाइन सामाईकच तुंबलीय. तेव्हाच मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा आणि कमिटीला लेखी अर्ज द्या, सोबत व्हिडिओ. सामाईक ड्रेनेज लाइनची दुरुस्ती सोसायटीने तिच्या खर्चाने करायची असं आपल्याकडच्या मॉडेल बायलॉजमध्येच, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांमध्येच आहे, त्यामुळे "तुमचं सिंक" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

मग प्लंबरला सांगून बाहेरच्या चेंबरचं झाकण उघडायला लावा. चेंबर काठोकाठ भरलेलं असेल तर अडलंय त्याच्या पुढे, रस्त्याच्या बाजूला. चेंबर रिकामं आणि तुमचं सिंक भरलेलं, तर अडलंय मधल्या पाइपात, तिथे स्प्रिंग मारली, म्हणजे प्लंबरची लांब लवचिक तार आत फिरवली, की बहुतेक वेळा निघतं. एवढं आधी बघून घेतलं तर फरशी फोडायची वेळ सहसा येत नाही.

आता त्या पावडरबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटते. त्यात मुख्यतः कास्टिक सोडा असतो, पाण्यात पडला की प्रचंड तापतो आणि तेलाचा साबण करतो. पाणी थोडंथोडं सरकत असेल तर उपयोग होतो, पण साचलेल्या पाण्यात टाकली तर ती तळाशी बसते आणि तेलाबरोबर तिचा दगडासारखा गोळा होतो. आमच्याकडे काही वर्षांपूर्वी मी रात्री पावडर टाकली आणि सकाळी आलेल्या प्लंबरकाकांना सांगायचंच राहिलं. त्यांनी ओट्याखाली बसून बॉटल ट्रॅप, म्हणजे सिंकखालचं पाणी धरून ठेवणारं बाटलीसारखं भांडं, फिरवून उघडला, ते पाणी त्यांच्या हातावरून कोपरापर्यंत ओघळलं आणि बघता बघता लालभडक चट्टे उठले. वीस मिनिटं नळाखाली हात धरून बसले होते बिचारे, नंतर डॉक्टरकडे नेलं. अजून आठवलं की पोटात गोळा येतो. म्हणून हात जोडून सांगते, काहीही ओतलं असेल तर प्लंबर पाइपाला हात लावायच्या आधी सांगा. आणि अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र तर कधीच नाही, क्लोरीन वायू होतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेततं.

सोडा-व्हिनेगरचा फेस बघायला छान, पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं जवळजवळ खारट पाणी, तेल तिथेच. उकळतं पाणीही नको, पीव्हीसी पाइपाला साधारण 60 अंशांपर्यंतचंच चालतं, त्याच्या वर तो नरम पडतो, सांधे सुटतात.

अजून एक. चेंबर साफ करायला कोणी माणूस आत उतरतो म्हणाला, तरी कमिटीने उतरू द्यायचं नाही, पैसे वाचतात म्हणून तर अजिबात नाही. आतल्या वायूला आधी सडक्या अंड्यांसारखा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि माणूस जागच्या जागी कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही. गटारात, सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवण्याविरुद्ध 2013 चा कायदा आहे, आणि 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. तरी बातम्या येतातच. जेटिंगची, म्हणजे जोरदार दाबाने पाणी मारून लाइन साफ करणारी गाडी बोलवा, काम वरूनच होतं.

प्रश्न : पुण्यातला आमचा फ्लॅट चार-पाच महिने बंद असतो. उघडला की गटाराचा वास. पाइप तुंबलाय का?

उत्तर : नाही, ट्रॅप सुकलाय. न्हाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भांड्यात, जे दोन इंच पाणी उभं असतं तेच गटाराचा वास अडवतं, उन्हाळ्यात ते उडून जातं. प्रत्येक मोरीत, बेसिनमध्ये, कमोडमध्ये तांब्याभर पाणी ओता, खिडक्या उघडा. पुढच्या वेळी कुलूप लावताना मोरीच्या पाण्यावर दोन चमचे खायचं तेल सोडा, तेलाचा थर राहिला की पाणी लवकर उडत नाही.

प्रश्न : घरात तिघींचे केस लांब, बाथरूममध्ये घोट्यापर्यंत पाणी साचतं. थंडीत तर फारच. असं का?

उत्तर : खोबरेल तेल लावता ना? ते साधारण 24 अंशांखाली गोठतं, मग साबणाची साय, केस आणि तेल मिळून जाळीखाली दोरखंडच वळला जातो. जाळी काढा, हातमोजा घाला, ट्रॅपमधली वाटी उचला आणि बोटाने तो गुंता ओढून काढा, आख्खा येतो. किळस वाटते हे खरं, पण दुसऱ्या कशाने तो इतका पुरता निघत नाही. मग कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, आणि वाटी परत बसवायला विसरू नका, नाहीतर वास यायला लागेल आणि झुरळंही. केस विंचरून झाले की गुंता कचऱ्यात टाकायची सवय तिघींनीही लावून घ्या, आणि आठवड्यातून एकदा जाळी उचलून बघायचं काम कोणाचं ते आजच ठरवा.